वॉरियर्सचा २०१५-१६ हंगाम भिंतीवर: ८२ पट्ट्यांच्या कामाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४

आमच्या साताऱ्यातल्या बास्केटबॉल कोर्टाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर या उन्हाळ्यात एनबीएमधल्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचा २०१५-१६ चा अख्खा साखळी हंगाम रंगवायचा ठरला. एक सामना म्हणजे एक उभी पट्टी. जिंकला तर आडव्या रेघेच्या वर, हरला तर खाली. पट्टीची उंची म्हणजे दोन संघांच्या गुणांमधला फरक. सामने ८२, म्हणून पट्ट्या ८२.

हाच हंगाम का, तर ७३ विजय आणि ९ पराभव. एनबीएच्या ८२ सामन्यांच्या हंगामात याहून जास्त सामने कोणीच जिंकलेले नाहीत. त्याआधीचा विक्रम शिकागो बुल्सचा, १९९५-९६ मधला, ७२-१०. आमच्या शिबिराला येणाऱ्या पोरांना वॉरियर्सच्या स्टीफन करीचे व्हिडिओ तोंडपाठ आहेत, पण एक हंगाम २७ ऑक्टोबरपासून १३ एप्रिलपर्यंत कसा सरकतो, मध्येच कुठे अडखळतो, हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. तेच भिंतीवर दिसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कोणाला आपल्या मैदानावर असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतोय. कुठे अडलं आणि पैसे कुठे गेले, तेही लिहीन.

१ मे

निकाल गोळा करायला दोन मुलं आणि दोन मुली बसवल्या. दोन गटांनी वेगवेगळ्या याद्या केल्या आणि संध्याकाळी त्या जोडल्या. ८२ च्या जागी ओळी भरल्या शंभराच्या वर.

कारण लगेच सापडलं. एका यादीत अमेरिकेच्या तारखा होत्या, दुसरीत आपल्या. वॉरियर्सचं तेव्हाचं घरचं मैदान असलेल्या ओकलंडमध्ये रात्री साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, त्यामुळे एकच सामना दोन तारखांना दोनदा आला होता. ७३ वा विजय तिथे १३ एप्रिल २०१६ चा. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची, आंबेडकर जयंतीच्या सुटीची सकाळ होती. ज्यांनी तो सामना इथे बसून पाहिला त्यांच्या डोक्यात १४ हीच तारीख पक्की असते.

ठरवलं की सामना ज्या गावात झाला तिथली तारीख धरायची, आणि यादी एकाच गटाने करायची. दुसऱ्या गटाने फक्त तपासायची. पूर्ण एक दिवस यात गेला.

३ मे

शीटमध्ये भरताना विचित्र प्रकार झाला. प्रत्येक सामन्यानंतरची स्थिती एका रकान्यात लिहीत होतो: १-०, २-०, ३-०. चोवीस ओळी व्यवस्थित गेल्या. पंचविसाव्या ओळीत २४-१ लिहिलं आणि शीटने त्याची २४ जानेवारी केली. २५-१ ची २५ जानेवारी. असं २९-१ पर्यंत. त्यानंतर डॅलसला हरल्यावर स्थिती होते २९-२, आणि यंदा लीप वर्ष असल्यामुळे २९ फेब्रुवारीही शीटने चालवून घेतली. ३०-२ ही तारीख जगात नाही, तिथून पुढे सगळं पुन्हा सरळ.

म्हणजे पराभवाचा रकाना शून्य होता तोवर शीटला तारीख दिसतच नव्हती. पहिली हार आली आणि घोळ सुरू झाला. ती हार १२ डिसेंबरची, मिलवॉकीत, ९५-१०८. आदल्या रात्री बॉस्टनमध्ये दोन जादा वेळा खेळून १२४-११९ असा जिंकलेला संघ दुसऱ्या दिवशी तिथे उतरला होता. मिलवॉकीच्या काही प्रेक्षकांनी ‘२४-१’ छापलेले हिरवे टी-शर्टच आणले होते.

उपाय सोपा आहे. जिंकलेले आणि हरलेले यांचे रकाने वेगळे ठेवा आणि चालू स्थिती सूत्राने काढा. आधी एकेरी अवतरणचिन्ह (') लावून मजकूर म्हणून लिहायचा प्रयत्न केला होता, पण मग बेरीज करता येत नाही.

५ मे

आज पूर्ण दिवस तपासणी. याच कामात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हंगामात वॉरियर्सनी एकूण ९४२१ गुण केले आणि ८५३९ दिले. आमच्या शीटची बेरीज आली ९४११ आणि ८५३९. दहा गुण कमी. चूक कुठल्या ओळीत आहे हे बेरीज सांगत नाही, फक्त आहे एवढंच सांगते. तेव्हा प्रत्येक सामन्याचा फरक एका मुलीने मूळ यादी वाचून तोंडी काढला आणि वेगळ्या रकान्यात लिहिला. शीटने काढलेला फरक शेजारी ठेवला. ९ जानेवारीचा सॅक्रामेंटोतला सामना सापडला: खरा निकाल १२८-११६, आमच्याकडे ११८-११६. बारा गुणांची पट्टी दोनची झाली असती.

नुसत्या बेरजेवर विसंबू नका. एका ओळीत पाच जास्त आणि दुसरीत पाच कमी पडले तर बेरीज बरोबरच येईल आणि दोन पट्ट्या चुकीच्या रंगतील. फरकाचा रकाना हाताने काढलाच पाहिजे.

महिन्यांचा हिशेबही जुळला. ऑक्टोबर ३-०, नोव्हेंबर १६-०, डिसेंबर ११-२, जानेवारी १४-२, फेब्रुवारी ९-१, मार्च १५-२, एप्रिल ५-२. घरी ३९-२, बाहेर ३४-७. सगळं मिळून ७३-९ आलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सॅक्रामेंटोचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि त्याआधी वॉरियर्समध्येही त्यांची भागीदारी होती. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने मुंबईत झाले ते याच सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. आमच्या भिंतीवर मात्र किंग्जच्या चारही पट्ट्या रेघेच्या वर आहेत, चारही वेळा वॉरियर्स जिंकले.

७ मे

मतदान. काम बंद.

९ मे

भिंतीची तयारी. भिंतीला जुनी चुन्याची सफेदी होती, तिच्यावरच रंगवू असं ठरलं होतं. कोपऱ्यात चाचणी म्हणून मास्किंग टेप लावून दोन पट्ट्या रंगवल्या. टेप काढताना रंगाबरोबर सफेदीचा पापुद्राही निघून आला आणि पट्टीची कड फाटल्यासारखी झाली. चुन्यावर टेप धरत नाही आणि धरली तर चुना उपटते.

भिंत पूर्ण खरवडली. पत्रा आणि तारेचा ब्रश, तोंडाला रुमाल. मग पाण्याने धुऊन वाळवली, भेगांत पुट्टी, त्यावर बाहेरच्या भिंतींचा प्रायमर एक हात आणि पांढरं इमल्शन दोन हात. हे आधीच केलं असतं तर निम्मा आठवडा वाचला असता. पण टेपची चाचणी कोपऱ्यात घेतली हे चांगलं झालं, नाहीतर ८२ पट्ट्या उपटल्या असत्या.

१३ मे

आखणी. भिंत अठ्ठावीस फूट लांब, सहा फूट उंच. पट्टी ६ सेंटिमीटर रुंद, मध्ये ३ सेंटिमीटर जागा, आणि दोन महिन्यांच्या मध्ये जास्तीची १० सेंटिमीटर. हे सगळं आठ मीटरमध्ये बसतं.

उंचीला मात्र अडलं. पहिल्यांदा एका गुणाला दोन सेंटिमीटर धरले होते. हंगामातला सगळ्यात मोठा विजय २ नोव्हेंबरचा, मेम्फिसविरुद्ध ११९-६९, पन्नास गुणांचा. त्याची पट्टी एक मीटर झाली आणि भिंतीच्या वर निघाली. एका गुणाला एक सेंटिमीटर केला. आता वर जास्तीत जास्त ५० आणि खाली ३२. खालची ती पोर्टलंडची, १९ फेब्रुवारी, १०५-१३७, डेमियन लिलार्डने ५१ गुण केले तो सामना.

आडवी रेघ मारायला सुताला नीळ लावून सूत मारलं. पाण्याची नळी धरून दोन्ही टोकं समपातळीत घेतली, कारण मैदानाला उतार आहे आणि जमिनीपासून मोजलं तर रेघ तिरकी येते.

१५ मे

रंग सुरू. घरचा विजय निळा, बाहेरचा विजय पिवळा, पराभव लाल. निळा-पिवळा हे वॉरियर्सचेच रंग. ३९ निळ्या, ३४ पिवळ्या, ९ लाल.

पिवळा रंग झाकत नाही. निळ्याचे दोन हात पुरले, पिवळ्याचे तीन देऊनही खालचा पांढरा डोकावत होता. पेंटरकाकांनी सांगितलं, पिवळ्याखाली आधी फिकट गेरूचा एक हात द्या. तसं केल्यावर दोन हातांत काम झालं.

रंगाचा हिशेबही इथेच लिहून ठेवतो, कारण पैसे वाया गेले ते यात. वरच्या ७३ पट्ट्यांची उंची मिळून १००५ सेंटिमीटर होते आणि खालच्या ९ ची १२३. रुंदी ६. म्हणजे सगळ्या पट्ट्यांचं क्षेत्रफळ मिळून एक चौरस मीटरसुद्धा नाही! हा गुणाकार न करता आम्ही निळा आणि पिवळा चार-चार लिटर आणला. प्रत्येकी अर्धा लिटरही उरला असता. पैसा लागतो तो पाठीमागच्या पांढऱ्याला, पट्ट्यांना नाही.

१७ मे

संध्याकाळी वळीव कोसळला. निळ्या-पिवळ्याला काही झालं नाही. लाल ओघळला. लाल रंग आम्ही पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (रंगछटेचं घट्ट द्रव) मिसळून घरीच केला होता. गडद यावा म्हणून स्टेनर वाढवत गेलो आणि तो जास्त झाला की रंग नीट वाळतच नाही. मिलवॉकी, डॅलस आणि डेन्व्हर या तीन पट्ट्यांखाली पार जमिनीपर्यंत लाल ओघळ आले. ओल्या फडक्याने पुसल्यावर गुलाबी डाग राहिले; पांढऱ्याचे दोन हात देऊन झाकले. लाल रंगाचा तयार डबा आणला. गडद रंग घरी करू नका, तयारच घ्या.

१९ मे

रविवार, सगळी पोरं हजर. ८२ पट्ट्या पहिल्यांदा एकत्र दिसल्या. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी शेवटच्या भागाकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, इथे एक सामना रंगवायचा राहिलाय.”

राहिला नव्हता. ९ एप्रिल, मेम्फिस, १००-९९. एक सेंटिमीटरची पट्टी. आडवी रेघच तेवढी जाड होती, पट्टी तिच्यात मिसळून गेली होती.

मी तिथेच बसलो. त्या दिवशी वॉरियर्स ७०-९ वर होते. ७३ करायचे तर उरलेले तिन्ही सामने जिंकायला हवे होते. चौथ्या भागात ते दहा गुणांनी मागे होते. शेवटचं मिनिट सुरू होता होता ड्रेमंड ग्रीनने हुकलेला चेंडू पकडून परत आत टाकला आणि आघाडी मिळाली. तो बास्केट पडला नसता तर हंगाम ७२-१० वर संपला असता, बुल्सच्या बरोबरीत. अख्खा विक्रम ज्या पट्टीवर उभा आहे ती भिंतीवर दिसतच नाही, आणि ज्या मेम्फिसला नोव्हेंबरमध्ये पन्नासने हरवलं ती पट्टी लांबूनही डोळ्यांत भरते.

माप बदलून हे सुटणार नाही. उंची गुणांच्या फरकाचीच ठेवली तर अटीतटीचे सामने बारीकच दिसणार. दुसरं काहीतरी करावं लागेल.

२१ मे

पाच किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे सामने शीटमधून वेगळे काढले. पंधरा निघाले. त्यातले १३ वॉरियर्स जिंकले, २ हरले. १३-२! पोरांना सांगितलं की हंगाम इथे आहे, मोठ्या पट्ट्यांत नाही.

या पंधरांच्या पट्टीखाली (पराभव असेल तर वर) एक काळं वर्तुळ काढायचं आणि त्यात निकाल लिहायचा असं ठरलं. बाकीच्या ६७ सामन्यांचा निकाल लिहायचा नाही. आधी सगळ्यांचा लिहिणार होतो. नाही लिहिला ते बरं झालं, कारण आता नजर आपोआप छोट्या पट्ट्यांकडे जाते.

वर्तुळं काढताना एकेका सामन्याची गोष्ट पोरांना सांगितली. ३० जानेवारी, फिलाडेल्फिया, १०८-१०५. तो फिलाडेल्फियाचा संघ हंगामभरात फक्त दहा सामने जिंकला, ७२ हरला. त्यांच्यापुढे वीसच्या वरची आघाडी घेऊनही १०५-१०५ अशी बरोबरी झाली आणि ०.२ सेकंद उरले असताना हॅरिसन बार्न्सने कोपऱ्यातून तीन गुणांचा फेकला. २७ फेब्रुवारी, ओक्लाहोमा सिटी, १२१-११८, जादा वेळ. आंद्रे इग्वोडालाच्या दोन फ्री थ्रोंनी सामना जादा वेळेत गेला, आणि मग करीने मध्यरेषा ओलांडून दोन-चार पावलांवरूनच बाराव्यांदा तीन गुणांचा मारला, ०.६ सेकंद बाकी. डेन्व्हरच्या दोन पट्ट्या: २ जानेवारीला १११-१०८ जादा वेळेत विजय, अकरा दिवसांनी ११०-११२ पराभव. भिंतीवर दोन्ही जवळजवळ सारख्या, एक वर आणि एक खाली. १ मार्चला अटलांटाविरुद्ध १०९-१०५, तोही जादा वेळेत, आणि करी दुखापतीमुळे बाहेर.

जादा वेळेचे सात सामने होते, सहा जिंकले. त्यांच्या पट्टीच्या टोकाला पांढरी बारीक आडवी रेघ दिली.

२४ मे

संघांची नावं. आधी पट्टीखाली अक्षराखाली अक्षर असं उभं लिहायचा प्रयत्न केला. काना-मात्रा आणि जोडाक्षरं एकाखाली एक आली की पोरांना वाचता येईना. आडवं लिहायला सहा सेंटिमीटरमध्ये जागा नाही. मग संक्षेप केले आणि पहिलाच फटका बसला: ‘मि’ म्हणजे मिलवॉकी की मिनेसोटा? ‘मे’ मेम्फिस, ‘मा’ मायामी, ‘डे’ डेन्व्हर की डेट्रॉइट? हे दोन्ही ‘मि’ आणि दोन्ही ‘डे’ लाल पट्ट्यांचे मानकरी आहेत, म्हणजे नेमके जिथे नाव कळायलाच हवं तिथेच गोंधळ.

शेवटी पेंटरकाकांनी पूर्ण नाव नव्वद अंशांत वळवून, खालून वर वाचत जाईल असं लिहिलं. त्यासाठी दोन दिवसांची मजुरी वेगळी द्यावी लागली आणि तो खर्च योग्यच होता. त्यांच्या हाताचं वळण बघत राहावं असं आहे. ‘ओक्लाहोमा सिटी’ मधला ‘क्ला’ त्यांनी एका फटक्यात, ब्रश न उचलता काढला.

२६ मे

आज शीट उघडून बसलो आणि एक गोष्ट सापडली जी भिंतीवर आणायलाच हवी असं वाटलं.

लागोपाठ दोन रात्री सामने खेळण्याच्या जोड्या या हंगामात वीस होत्या. दोन रात्रींच्या मध्ये प्रवासही असतो, म्हणून दुसऱ्या रात्री संघ थकलेला असतो आणि तिथे हार होते असं आपण सगळेच धरून चालतो. मीसुद्धा पोरांना हेच सांगत आलोय. आकडे असे आहेत: दुसऱ्या रात्री १८-२, पहिल्या रात्री १६-४.

पहिल्या रात्रीचे चार पराभव म्हणजे ३० डिसेंबरला डॅलस, १३ जानेवारीला डेन्व्हर, १९ फेब्रुवारीला पोर्टलंड आणि ६ मार्चला लेकर्स. चारही वेळा दुसऱ्याच रात्री संघ जिंकला. ह्यूस्टनला ११४-११० (करी या दोन्ही रात्री नव्हता), लेकर्सविरुद्ध ११६-९८, क्लिपर्सना ११५-११२, ऑरलँडोविरुद्ध ११९-११३. चारांतल्या तीन पट्ट्या सहा सेंटिमीटरच्या आत आहेत. हरून आलेले, थकलेले, तरी दोन-तीन बास्केटच्या फरकाने का होईना, जिंकले.

सगळ्यात मोठा पराभव, बत्तीस गुणांचा, कधी आला? ऑल-स्टार सामन्यासाठी हंगामाच्या मध्येच असलेल्या सुटीनंतरच्या पहिल्या सामन्यात. १० फेब्रुवारी ते १९ फेब्रुवारी, हंगामातली सर्वांत लांब विश्रांती. आणि ६ मार्चचा लेकर्सचा पराभव हा हंगामात फक्त १७ सामने जिंकलेल्या संघाकडून होता. त्या दिवशी वॉरियर्सचे तीन गुणांचे ३० पैकी ४ पडले.

पुढे जाऊन सगळे नऊ पराभव तपासले. नऊही वेगवेगळ्या संघांकडून. नऊही वेळा पुढचा सामना जिंकला. म्हणजे अख्ख्या हंगामात लागोपाठ दोन लाल पट्ट्या नाहीत, हे भिंतीसमोर उभं राहिल्यावर कोणालाही दिसतं, पण आम्ही रंगवत असताना एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

जोडीच्या सामन्यांना खालून करड्या रंगाचा कंस जोडला. वीस कंस. नावांच्या खाली जागा सोडलेली नव्हती, म्हणून कंस जमिनीच्या अगदी जवळ गेले आणि पाऊस उडाला की चिखलाने भरतील. आखणी करतानाच खाली एक वीत मोकळी ठेवा.

२८ मे

प्रशिक्षकांची रेघ. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर पहिले ४३ सामने बाकावर नव्हता, संघ ल्यूक वॉल्टनने सांभाळला: ३९-४. कर २२ जानेवारीला परतला, त्यानंतर ३४-५. अधिकृत नोंदीत मात्र ७३ च्या ७३ विजय करच्या नावावर आहेत. आमच्या भिंतीवर ४३ व्या पट्टीनंतर उभी तुटक रेघ आहे आणि डावीकडे वॉल्टनचं नाव लिहिलंय. यावर आमच्यात वाद झाला. नियमाप्रमाणे लिहावं असं काहींचं म्हणणं होतं. मला वाटतं, जो माणूस ४३ रात्री बाकावर उभा राहिला त्याचं नाव त्या पट्ट्यांवर असलंच पाहिजे, आणि ते राहणार.

कर १९९५-९६ च्या बुल्समध्ये खेळाडू होता, म्हणजे ७२ आणि ७३ या दोन्ही आकड्यांत तो आहे.

१ जून

शेवटचा हात. एप्रिलच्या भागाला सगळ्यात जास्त वेळ दिला. सात पट्ट्यांत दोन लाल, आणि घरच्या मैदानावरचे हंगामातले दोन्ही पराभव इथेच: १ एप्रिलला बॉस्टनकडून १०६-१०९ (दोन हंगाम मिळून घरी लागोपाठ ५४ विजयांची मालिका इथे तुटली) आणि ५ एप्रिलला मिनेसोटाकडून जादा वेळेत ११७-१२४. त्यानंतर एकही चूक चालणार नव्हती. सॅन अँटोनियोला घरी ११२-१०१, मग मेम्फिसचा तो एक गुण, आणि दुसऱ्याच रात्री सॅन अँटोनियोत ९२-८६. त्या हंगामात तोवर स्पर्स (सॅन अँटोनियोचा संघ) आपल्या घरी एकही सामना हरले नव्हते आणि साखळी सामन्यांत वॉरियर्स तिथे १९९७ नंतर जिंकले नव्हते. सहा सेंटिमीटरची पिवळी पट्टी. तिला वर्तुळाचा नियम लागत नाही, फरक पाचच्या वर आहे. तरी पोरांनी हट्टाने तिला वर्तुळ दिलं आणि मी अडवलं नाही.

८२ वी पट्टी निळी, २१ सेंटिमीटर, मेम्फिस, १२५-१०४. करीचे ४६ गुण, तीन गुणांचे दहा फेक, असे हंगामातले एकूण ४०२. त्याआधीचा विक्रम त्याचाच होता, २८६.

अंतिम फेरीत क्लीव्हलंडविरुद्ध ३-१ आघाडीवरून ३-४ हरले, हे लिहायचं का असं एका पालकांनी विचारलं. ही भिंत साखळी हंगामाची आहे, म्हणून पट्ट्या नाहीत. उजव्या कोपऱ्यात एका ओळीत लिहिलंय.

५ जून

खर्च: साधारण साडेअकरा हजार. निम्म्याच्या आसपास प्रायमर, पुट्टी आणि पांढऱ्या इमल्शनवर. पेंटरकाकांची मजुरी त्याखालोखाल. टेप, ब्रश, सूत, नीळ किरकोळ. उरलेला निळा आणि पिवळा हवाबंद करून सामानाच्या खोलीत ठेवलाय. वर्गणी माजी खेळाडूंनी दिली.

वेळ वाया गेला तो तीन ठिकाणी: दोन तारखांच्या याद्या, चुन्याची सफेदी आणि घरी केलेला लाल रंग. पुन्हा करायचं झालं तर आधी शीट पूर्ण, मग वर्तुळं-कंस-नावं यांची जागा कागदावर, आणि त्यानंतर भिंतीला हात. आम्ही कंसांचा विचार रंग झाल्यावर केला.

दिवाळीच्या सुटीत पश्चिमेची भिंत घ्यायची आहे, १९९५-९६ चे बुल्स. तेच माप, तीच रुंदी, म्हणजे दोन्ही भिंती शेजारी ठेवून बघता येतील. एकूण गुण शीटच्या वर आत्ताच लिहून ठेवलेत: केलेले ८६२५, दिलेले ७६२१. फरकाची सरासरी १२.२ येते, वॉरियर्सची १०.८. सरासरी बुल्सची जास्त आणि विजय एकाने कमी. तिथे पाचच्या आतले सामने किती निघतात हे बघायचंय. यादी एकच गट करणार आहे, अमेरिकेच्या तारखांनी.